टेकवलेली खुर्ची

रीनो, नेवाडा
११ मार्च

प्रिय मर्ल काका,

हे पत्र पोचेल तोवर तुमच्या डाव्या हाताला पेला धरता येऊ लागला असेल, अशी आशा आहे. नर्सबाई फोनवर म्हणाल्या की तुम्ही सगळ्यांवर खेकसता. ऐकून जिवात जीव आला.

मी आणलेली ती पीचची गोड पाई तुम्हाला आवडली म्हणे. त्याबद्दल पुढे लिहितो.

इकडे सगळं तसंच आहे. कसिनोत जुगाराची चांगली मशीनं कमी आणि ती शोधत फिरणारे जास्त. तीच पाच-सहा माणसं, त्याच फेऱ्या. एकमेकांकडे बघून हसायचं आणि डोळे मात्र आकड्यांवर.

तुम्ही आजारी पडलात त्या मंगळवारी सकाळी 'सिल्व्हर जुनिपर' कसिनोत मला एक सापडलं होतं. जॅकपॉट दोन हजार डॉलरच्या आत फुटलाच पाहिजे असं मशीन, आणि आकडा एकोणीसशे ऐंशीच्या पुढे गेलेला, म्हणजे आता कधीही फुटणार. उठायची वेळ येऊ नये म्हणून तुम्ही शिकवल्याप्रमाणे पाणीसुद्धा न पिता बसलो. मिळालं असतं तर ट्रकचा गिअरबॉक्स झाला असता. मागे नंबर लावून बर्नडीन टॉश उभी होती, तिच्यामागे गुस्तावो.

तिचं नाव वाचून पत्र बाजूला ठेवू नका, काका. एवढं शेवटपर्यंत वाचा.

तेवढ्यात एल्कोच्या हॉस्पिटलचा फोन आला. त्या गोंगाटात काही ऐकू येईना. जागा घेतलेली आहे ही खूण म्हणून मी खुर्ची पुढे कलती करून मशीनला टेकवली आणि बाहेर धावलो. तुम्हाला अर्धांगाचा झटका आलाय, यायचं तर आजच या, असं नर्सबाई म्हणाल्या. त्यानंतर मी किती वेळ भिंतीला धरून उभा होतो, सांगता येत नाही.

टेकवलेली खुर्ची बाथरूमला जाऊन येईपर्यंतच आपली, त्यापुढे मागच्याची, हा नियम मला तुम्हीच शिकवलात. म्हणून मशीन गेलं असंच धरून मी आत आलो. बर्नडीन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. बसली नव्हती. गुस्तावो तिला म्हणत होता, "बाई, बसा तरी, नाहीतर मला बसू द्या. खुर्चीशी लग्न लावलंय का?"

मला बघून ती म्हणाली, "बस पोरा. तुझीच आहे."

मी म्हटलं, मला एल्कोला जायचंय, मर्ल काका बरे नाहीत.

"आणि जाणार कशानं? तुझा ट्रक ढकलला तरी हलत नाही."

तिनं खुर्ची सरळ केली, गुस्तावोकडे वळवली आणि पर्समधून गाडीची किल्ली काढली. पुढचा नंबर तिचा होता, काका. तो जॅकपॉट गुस्तावोला लागला, हे आम्हाला परत आल्यावर कळलं.

वाटेत मी तिला ते सांगितलं, जे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. ज्या दिवशी ती तुमच्या टेकवलेल्या खुर्चीवर बसली आणि तुमचा जॅकपॉट घेऊन गेली, त्या दिवशी तुम्ही बाहेर गेला होतात ते आयोना काकूंच्या हॉस्पिटलमधून फोन आला म्हणून. वाटेतलं विनेमक्का गाव आल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं, बारवर जाऊन बसलाय. मी बरीच वाट पाहिली होती रे."

तुम्ही बेशुद्ध होतात तेव्हा तुमचे गार पडलेले पाय चोळत ती बसायची. तुम्ही डोळे उघडताय असं दिसल्यावर ती उठून गाडीत जाऊन बसली. ती पाई तिनंच केली होती. कुणी केली हे सांगू नकोस म्हणाली होती. पण तुम्ही ती आवडीनं खाल्लीत, आणि मला गप्प राहवेना.

मला कुणी इतकं दिल्याचं आठवत नाही. एक तुम्ही, आणि आता ती. दोघांचे आभार मानायचे तर दोघं एका खोलीत हवेत, म्हणून हे सगळं लिहिलं.

रविवारी आम्ही येतोय. आधी मी एकटाच वर येईन, ती खाली गाडीत थांबेल. तुमच्या खिडकीजवळची खुर्ची पलंगाला टेकवलेली दिसली, तर मी समजेन आणि पुन्हा विषय काढणार नाही. सरळ असली, तर तिला बोलावून आणीन.

फोन आल्यावर वेळेवर उठलेला,
तुमचा
लाइल