कमळाच्या फरशीवरचं बारदान

माय, आज आपल्या स्वयंपाकघरासाठी फरशी पसंत करून आले. दुकानदाराने संगमरवरासारखी दाखवली, लाकडासारखी दाखवली, तोंड दिसेल इतकी चकचकीत दाखवली, आणि मी आपली एकच गोष्ट विचारत होते, साधी लाल आहे का. शेवटी तो वैतागला. म्हणाला, ‘‘मॅडम, लाल आता कोणी घेत नाही.’’ मी म्हटलं, मी घेते ना. तू शेजारी असतीस तर माझ्या दंडाला चिमटा काढला असतास. नोकरी संपवून मी घाटंजीच्या या घरात राहायला आले त्याला बरेच दिवस झाले, पण स्वयंपाकघराला हात लावायचा धीर होत नव्हता. उद्या कारागीर येऊन जुनी फरशी उखडतील. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुला तेव्हाच कोणीतरी सांगायला हवी होती.

बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आल्यावर दोन-तीन वर्षांनी बाबांनी मागची टिनाची पडवी पाडून पक्कं स्वयंपाकघर बांधायला काढलं. खोली एवढीशी, की तू चुलीपाशी बसलीस की मला उंबऱ्यातच थांबावं लागायचं. फरशी निवडायला आपण तिघं बसने यवतमाळला गेलो. बाबा कापसातली सरकी काढायच्या जिनात फिटर होते, त्या दिवशी खाडा करून आले होते. तू ठेवणीतलं लुगडं नेसली होतीस. दुकानात सिमेंटच्या फरश्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या. तू एकेक फरशी हाताने चाचपून पाहिलीस, मग एका लाल फरशीवर बोट ठेवलंस.

‘‘हे घ्या. गेरूनं सारवल्यावानी दिसते.’’

‘‘सारवण सुटावं म्हणून फरशी घेऊन राह्यलो, अन् तुले सारवल्यावानीच पाहिजे?’’ बाबा हसले. त्यांची नजर कमळाच्या फरशीवर होती. पिवळसर जमिनीवर एकेक मोठं गुलाबी कमळ. त्या दिवसांत त्यांना नव्या धर्माचं असं वेड लागलं होतं, की अंगणातला झेंडाही ते रोज सकाळी सरळ करायचे. दुकानदाराने कमळाची फरशी जमिनीवर ठेवली, रंग खुलावेत म्हणून तिच्यावर पाणी शिंपडलं आणि तुला म्हणाला, ‘‘पाय ठेवून पाहा बाई, कशी गार लागते.’’ तू पाऊल उचललंस आणि तसंच मागे घेतलंस. बाबांना वाटलं, ओल्यावर पाय ठेवायला तू भितेस. त्यांनी कमळाच्या फरश्या सांगून टाकल्या.

फरशी बसल्यावर तू स्वयंपाकघरात शिरलीस ती भिंतीला धरून, कडेच्या पट्टीवरून. मला आधी गंमतच वाटली.

‘‘काहून अशी चालून राह्यली?’’ बाबांनी विचारलं.

‘‘फुलावर पाय कसा ठेवू?’’

‘‘जुने देव सारे नदीत सोडून आलो न आपण? मंग हे कायले?’’

‘‘देव म्हणून नाही म्हणत. फूल आहे म्हणून. अन् ज्या फुलात तुमचा बुद्ध बसते, त्या फुलात मी लसणाची फोलपटं सांडू काय?’’

‘‘तुमचा काय म्हणते? आपला म्हण!’’

तिथून जे पेटलं ते पेटलंच. बाबा म्हणत, तुझ्या मनातून जुनं गेलं नाही. तू म्हणायचीस, मला विचारलं असतं तर लाल आणली असती. दोघांचंही बरोबर होतं आणि दोघंही अडून बसलात. शेवटी तू जिनातलं बारदान मागवलंस, कापसाच्या गठाणींना गुंडाळतात ते जाड गोणपाट, आणि चुलीपासून उंबऱ्यापर्यंत अंथरलंस. सगळी कमळं झाकली गेली. तू त्या बारदानावर बसून भाकरी थापायचीस, आणि मे महिन्यात ते असं तापायचं की तुझ्या तळपायाची, टिनाच्या पडवीत व्हायची तशीच, आग व्हायची. संध्याकाळी पाय पसरून बसायचीस आणि मी काशाच्या वाटीने, तेल लावून, तुझे तळवे घासायचे. वाटी काळी पडली की तू म्हणायचीस, बघ, किती उष्णता निघाली. बाबा समोर बसून हे बघायचे आणि उठून बाहेर जायचे. मला तेव्हा त्यांचा फार राग यायचा. किती कठोर माणूस, असं वाटायचं.

तू तापाने गेलीस. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाबा स्वतः भाकरी थापायला शिकले, त्याच बारदानावर बसून. मी म्हटलं, बाबा, आता तरी काढा हे. त्यांनी पिठाचे हात परातीत झटकले. मग म्हणाले, ‘‘तुह्या मायच्या पायाची आग व्हायची न पोरी. जिनातल्या मुनीमाच्या घरी फरशी पाहिली व्हती, भर उन्हाळ्यात गार. म्हणून टाकली आपल्या इथं. कमळ त मले दुकानात गेल्यावर दिसलं.’’

‘‘मग हे तिला का नाही सांगितलं?’’

‘‘असं कोणी सांगते काय बायकोले?’’

माय, मला त्यांच्यावर चिडावं की त्यांना जवळ घ्यावं, कळेना. एवढी भांडणं झाली, धर्मावरून झाली, जुन्या-नव्यावरून झाली, पण तुझ्या पायांचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. तुला हे कळलं असतं तर तू काय केलं असतंस? मला वाटतं, तू बारदान गुंडाळून ठेवलं असतंस. किंवा नसतंही. पण तुला कळायला हवं होतं. याचं मला अजून वाईट वाटतं, आणि बाबा गेल्यावर ते जास्तच वाटायला लागलं.

आज दुपारी दुकानातून आल्यावर मी ते बारदान उचललं. खालची कमळं जशीच्या तशी होती. कुठे ओरखडा नाही, डाग नाही, गुलाबी रंग कालच भरल्यासारखा. हे लिहिते आहे ते तिथेच, उंबऱ्यात बसून. हा कागद तुझ्या मिठाच्या देवळीत ठेवावा म्हटलं, तर ती भिंतही उद्या पाडायची आहे. तेव्हा लिहून झाला की राहील माझ्यापाशीच. बाहेर ऊन रणरणतंय. मी चप्पल काढली आणि चुलीच्या जागेसमोरच्या कमळावर, तू बसायचीस तिथल्या, दोन्ही पाय ठेवले.

फार गार आहे गं, माय.