तुंगार्लीच्या चढावरची लेस

गुरुवार, संध्याकाळ

स्कॅनच्या संमतीचा, सहीचा कागद मी अजून शब्दकोशातच दडवून ठेवलाय. सुधाच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलाय, त्याने हृदयाची उजवी बाजू थकते, हे वर्षभर ठाऊक आहे. आता पुण्याचे डॉक्टर एका नव्या स्कॅनसाठी विचारताहेत. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध द्यायचं. हृदयात जिथे वण धरू लागला असेल तिथे ते जाऊन बसतं आणि चित्रात ती जागा उजळते. हे अभ्यासासाठी आहे, उपचार लगेच बदलतीलच असं नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. मग कळून करायचं काय? की न कळण्यात फक्त माझीच सोय आहे?

तुंगार्लीच्या चढावर तिला दम लागतो. ‘थांबू या’ म्हटलेलं खपत नाही, म्हणून मी दर वळणावर वाकून बुटाची लेस बांधतो. बायकोपुढे होतो इतका नम्र मी पाठशाळेत गुरुजींपुढेही नव्हतो. आजही वाकलो.

“काय हो पंडित,” ती धापा टाकत म्हणाली, “चपलेला लेस कधीपासून आली?”

खाली पाहिलं. खरंच चपला होत्या.

“बांधा, सावकाश बांधा. मला बरं पडतं ते,” ती कठड्याला टेकून हसली. “पण घरी गेल्यावर तो कागद कोशातून काढा. सही मी करणार आहे. मला बघायचंय.”

म्हणजे कागद लपवल्याची जागाही तिला ठाऊक होती!

तिचा श्वास शांत झाला तरी मी वाकलेलाच राहिलो.

आता ती चहा टाकतेय. कोशावर पेन ठेवून गेलीय. मी त्याच पेनाने हे लिहीत बसलोय.