तुझ्या पाठीत काय होतं, अक्का?

प्रिय अक्का,

परवा तुझी माधुरी धुळ्याला आली होती. माझ्याशेजारी भाकरी थापता थापता एकदम म्हणाली, "मावशी, आई नेमकी कशानं गेली गं?" अकरा वर्षं मी तिला 'तापानं' एवढंच सांगत आले. या वेळी ते तोंडातून निघेना. ती पारोळ्याला परत गेली आणि मी ओळखीच्या डॉक्टरांकडे गेले. तिथून आल्यावर तुलाच लिहावंसं वाटलं.

ते गळू आठवतं का तुला? कमरेला, बरोबर परकराच्या नाडीखाली. कांदा भाजून बांधलास, फुटलं, खपली धरली, विसरलीस! पंधरा-वीस दिवसांनी ताप आला आणि पाठ धरली. दोन्हींचा संबंध कुणाला सुचणार? वेचणीचे दिवस, तू कापसाचं गाठोडं उचललेलं. सगळे म्हणाले, उसण भरली. उसणीचं औषध तर घरचंच होतं. जन्मताना पाय आधी बाहेर आलेली मी, पायाळू! माझा पाय पाठीला लागला की उसण उतरते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. तुझा निरोप आला आणि मी पहिली एस.टी. पकडली.

ओट्यावर पालथी निजून तू म्हणालीस, "मार वं लाथ! न्हानपनना बदला ली ले!" लहानपणचा बदला म्हणून मी हसत हसत पाय लावला. एका मणक्यावर टाच टेकताच केवढ्यानं ओरडलीस! मला वाटलं, सोंग करतेस. संध्याकाळी म्हणालीस, "आते बरं वाटस." खरंच वाटत होतं, की माझं मन राखलंस?

तीन दिवस पाय लावला. चौथ्या दिवशी चालताना तुझी चप्पल निसटून मागे राहिली आणि तुला कळलंही नाही. मग लघवी अडली. धुळ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत कमरेखालचं अंग बधिर झालं होतं. आठवडाभरात तू गेलीस.

डॉक्टरांनी चिठ्ठीमागे चित्र काढून दाखवलं. गळवातले जंतू रक्तातून फिरत मणक्यांशी पोचतात, तिथे पू धरतो, आतल्या मज्जारज्जूवर दाब येतो. मी विचारतच सुटले. एवढ्या मोठ्या शरीरात त्यांना तीच जागा कशी सापडली? गळू तर कुणालाही होतं, मग अक्कालाच का? "ते दर वेळी आम्हालाही सांगता येत नाही," ते म्हणाले. ताप आणि पाठदुखी एकत्र, त्यात एकाच मणक्याला हात लावू न देणं, ही खूण होती म्हणे. वेळेत ओळखली तर माणूस वाचतोही.

शेवटी धीर करून विचारलं, "माझ्या पायानं झालं का हो?"

"पायानं पू होत नाही, ताई. पण तीन दिवस वाया गेले."

इतकी वर्षं मी टाचेला भीत होते, अक्का. दिवस वाया गेले, हे मनातच आलं नव्हतं.

थोडा रागही येतो तुझा. अंगात ताप असताना मला कशाला बोलावलंस? एवढा विश्वास टाकतं का कुणी धाकट्या बहिणीवर!

रविवारी पारोळ्याला जाते आहे. माधुरीला सगळं सांगेन. गळू, ताप, मणका, आणि मी हसत घालवलेले ते तीन दिवसही. त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं सोडलं तरी चालेल. घरात तिची दोन लेकरं आहेत; उद्या त्यांच्यातलं कुणी तापात पाठ धरून बसलं, तर तिने कुणा पायाळूला शोधत फिरू नये. हा माझा शब्द.

तुझी,
शकू