मेर्पडि

१ ऑगस्ट १९९६, गुरुवार

नवी वही. बालबोधीत लिहिणार. घरात बालबोध वाचणारा मी एकटा. बायको अंबुजा मराठी बोलते, पण लिहायची वेळ आली की तमिळ. लेकीला मराठी नुसतं समजतं, उत्तर येतं ते तमिळमध्ये. म्हणजे इथे खरं लिहायला धोका नाही. खरंच लिहीन.

संकल्प: नगरपालिकेची निवडणूक लढवणे. सुपारी सोडणे. अंबुजाशी वाद न घालणे.

माझ्या तुळजाराम टाइपरायटिंग इन्स्टिट्यूटमध्ये पाच मशिनं आणि तीन विद्यार्थी उरलेत. समोर कंप्यूटर सेंटर उघडलंय. ते काही फार दिवस टिकणार नाही, पण तोवर माझ्यासारख्याने पब्लिक लाइफमध्ये उतरावं हे बरं. आमचे पूर्वज इथे तंजावूरच्या राजवाड्यात मराठे राजांना विडे करून द्यायचे, तेव्हा राज्यकारभार रक्तातच आहे. निशाणी टाइपरायटर मागणार.

५ ऑगस्ट, सोमवार

पुढाऱ्याला एक कॉज लागतो. तो आज आपल्या पायांनी चालत आला.

कालव्याच्या काठावर राहणाऱ्यांपैकी एकजण अर्ज टाइप करून घ्यायला आली. जन्म पुरुषाचा, राहणं बाईचं. गावात त्यांना जे शब्द वापरतात ते मला या वहीतसुद्धा लिहवत नाहीत. मतदार यादीत त्यांना बाई म्हणून नाव हवंय. ऑफिसवाले म्हणतात, बायकांत बसत नाही, पुरुषांत लिहा. पुरुष म्हणून लिहून घेणार नाही, असं ही ठणकावून सांगते.

अर्ज तमिळमध्ये केला, फुकट. अडचण एकच, त्यांना म्हणायचं काय? शेवटी सगळीकडे ‘मेर्पडि’ घातलं. मेर्पडि म्हणजे सदर, वर सांगितलेला. कोर्टकचेरीतला शब्द, कुणाला टोचत नाही. ती वाचून म्हणाली, सार, वर म्हणजे कुठे? वर तर काहीच सांगितलेलं नाही. मी म्हटलं, कायद्याच्या भाषेत असंच असतं. सही मात्र तिने झोकात केली.

११ ऑगस्ट, रविवार

‘तंजावूर सर्वजन हक्क मंच’ स्थापन झाला. कन्व्हीनर: मी. सभासद वाढतील.

मेर्पडि घरी आली होती. मागल्या दाराने घेतलं, मागे वारा चांगला असतो. अंबुजाला मराठीत सांगितलं, फिल्टरची कापी त्या चेंबलेल्या पेल्यातून दे, आपले नकोत, आणि पुढल्या खोलीत काही बसवू नकोस, शेजारणी बघतात. मराठीचा हा मोठा फायदा. माणूस समोर बसलेलं असतं आणि आपल्याला संसार चालवता येतो. ती हसत होती. बिचारीला वाटलं असेल, पाहुणचाराचं बोलणं चाललंय. अंबुजाने नंतर तो पेला माझ्यापुढे आदळला. मी वाद घातला नाही.

मला तिची लाज वाटते असं कुणी समजू नये. लोकांना वाटते, आणि मी लोकांचा विचार करतो.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

आज तिला घेऊन ऑफिसात जायचं ठरलं होतं. सकाळी साडेदहापासून राहुकाल. त्यानंतर जेवण. जेवणानंतर ऊन. गेल्या आठवड्यात माझं डोकं दुखत होतं, मग श्रावणातला सोमवार आला. ती उन्हात कोपऱ्यावरच्या सायकल दुकानापाशी उभी राहिली आणि परत गेली म्हणे. शेवटची तारीख ३०. भरपूर वेळ आहे.

सुपारी: दोन खांडं, तीही पाहुण्यांसाठी आणलेली.

२७ ऑगस्ट, मंगळवार

घात झाला. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव. लेटरहेड छापून झालंय.

संध्याकाळी सुचलं की अंबुजाला उभं करावं. सह्या ती करील, कारभार मी बघेन. तिला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, बघते. बायका अशाच हो म्हणतात. आता कालव्याकाठची मतं लागणार, म्हणून ३० ला जाणारच. राहुकाल असो नसो.

३० ऑगस्ट, शुक्रवार

गेलो. मी सायकल हातात धरून पुढे, ती बरीच मागे. रस्ता दाखवायला कुणीतरी पुढे लागतंच.

ऑफिसच्या व्हरांड्यात नेमके अंबुजाचे मामा. हनुमंतराव, निवृत्त तहसीलदार, आमच्या मराठी सभेचे अध्यक्ष. घरपट्टी भरायला आलेले. मागे बघून त्यांनी मराठीत विचारलं, तुळजा, ही कोण रे तुझ्याबरोबर?

माझ्या तोंडून गेलं, “कोण जाणे मामा. भीक मागायला मागे लागली आहे. माझी काही ओळख नाही.”

मराठीतच बोललो. तिला लागू नये म्हणून.

ती पुढे आली. मामांना नमस्कार केला आणि मराठीत बोलली. आमच्यासारखं नव्हे, तिकडलं, खडखडीत.

“बरोबर बोलले ते, आजोबा. आमची काय ओळख नाय. यांच्या घरी चेंबलेल्या पेल्यातनं कापी प्यायलेय, तेवढीच.”

मुंबईत भायखळ्याला कितीतरी वर्षं होती म्हणे. म्हणजे तो पेला, ते मागलं दार, शेजारणी, सगळं तिला त्याच दिवशी समजलं होतं. समजून हसत होती.

मामा तिला हाकलतील असं मला वाटलं. (वाटलं म्हणजे, आशा होती.) मामांचे डोळे भरून आले. महाराष्ट्राकडलं मराठी ऐकून किती वर्षं झाली, म्हणाले. आमच्या पोरांना दोन वाक्यं येत नाहीत आणि ही बघ. तिला बाकावर आपल्या शेजारी बसवलं, अर्ज वाचला, हा मेर्पडि कोण म्हणून विचारलं, आणि खिशातलं पेन काढून जिथे जिथे मेर्पडि होतं तिथे काट मारून तिचं नाव आणि ‘स्त्री’ असं लिहिलं. मग तिला घेऊन आत गेले. आतून मामांचा तहसीलदारी आवाज ऐकू येत होता. नाव लागलं.

मी सायकल धरून उभा होतो. कुणी तरी धरायला हवीच होती.

३१ ऑगस्ट, शनिवार

विचार केला तर चूक तिची आहे. मराठी येतं हे आधी सांगायला नको?

अंबुजाने मामांकडून सगळं ऐकलं. माझं ताट वाढून ठेवलं आणि आत निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

८ सप्टेंबर, रविवार

तिची माफी मागायची. नुसत्या तोंडाने नाही, म्हणून नवा स्टीलचा पेला घ्यायला अय्यन कडै वीथीतल्या भांड्यांच्या दुकानात गेलो. पेला छान निवडला. दुकानदाराने नाव कोरायचं मशिन हातात घेऊन विचारलं, नाव काय घालू?

दुकानात ओळखीची चार माणसं होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

पेल्यावर ‘तुळजाराम’ कोरून घरी आणला.

१६ सप्टेंबर, सोमवार

अंबुजाला विचारलं, फॉर्म कधी भरायचा? म्हणाली, भरला. मी आनंदाने लेटरहेडचा गठ्ठा काढला. तर हिने स्वतःचा नाही भरला. मेर्पडिचा भरला, आणि सूचक म्हणून खाली हिची सही. यादीत बाई म्हणून नाव आहे, तेव्हा राखीव वॉर्डात उभं राहायला कुणाची हरकत चालली नाही. निशाणी छत्री. मामा पोलिंग एजंट.

मी विचारलं, लोक काय म्हणतील? अंबुजा म्हणाली, तेच ना जे तुम्ही मराठीत म्हणता.

मंचातर्फे पाठिंबा जाहीर करणार होतो. मंचाची बैठक बोलावली. आलो. नंतर बघू म्हणून बैठक तहकूब केली.

९ ऑक्टोबर, बुधवार

मतदान. चार वाक्यांची माफी पाठ करून गेलो, तिच्याच मुंबईच्या मराठीत. शाळेपासून जरा दूर ती झाडाखाली मतदारांना हात जोडत उभी होती. निळं सुंगुडी लुगडं. माझ्यापुढे हात जोडून तमिळमध्ये विचारलं, “नमस्कार सार. आपलं नाव?”

मी नाव सांगितलं. म्हणाली, छत्रीला मत द्या. पुढल्या माणसाकडे वळली. रागावलेली असती तर माफी मागता आली असती. अनोळखी माणसाची कशी मागणार?

छत्रीला मत देऊन आलो. मन हलकं झालं. हिशेब मिटला.

१३ ऑक्टोबर, रविवार

ती पडली. पण बरीच मतं घेऊन पडली. मामा तिला थेट आमच्याकडे घेऊन आले. पुढल्या दाराने. शेजारणी बघत होत्या, त्यातल्या दोघी आत येऊन बसल्या.

अंबुजाने कापी आणली. तिच्या हातात नवा पेला दिला, माझं नाव कोरलेला. माझ्या हातात चेंबलेला आला. पेले कमी पडले असतील.

मामा मोजणीचं सांगत होते. आमच्या बूथवर एक मत बाद झालं. शिक्का ना छत्रीवर, ना खालच्या रकान्यात, नेमका मधल्या रेघेवर. मामा तिथल्या साहेबांशी भांडले, छत्रीकडे जास्त कललाय म्हणून, पण साहेब ऐकेनात. मामा म्हणाले, पुठ्ठ्याच्या आड एकटं असूनही ज्याला लाज वाटते त्याने मुळात यावं कशाला? सगळे हसले. तीही हसली, तशीच, त्या दिवशीसारखी. अंबुजा माझ्याकडे बघत होती.

९ तारखेचं खोटं आहे. आडोशाला मी एकटा होतो. मामा तिचेच एजंट होते, बायको तिची सूचक होती, घाबरायला कुणी उरलंच नव्हतं. छत्रीच्या शेजारी तिचं नाव छापलेलं होतं. वाचलं आणि हात तिथवर जाईना. दुसरीकडेही जाईना. मग होता तिथेच शिक्का टेकवला.

वही मागे चाळून पाहिली. सगळीकडे मेर्पडि. वर कुठेच काही सांगितलेलं नाही.

विशालाक्षी.

लिहिलं. बालबोधीत. इथे कोण वाचतंय.