चंद्राला ओवाळलेलं ताट

जत

चि. लालासाहेब,

आशीर्वाद लिवायला आज हात उठत न्हाई.

लंडन-मुंबई पाच हजार मैल, विमानाला दहा तास, असं तूच कळवलं व्हतंस. भाऊ एवढा लांब म्हणून दरसाल भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळत आले.

काल नणंद पुण्याहून आली. यंदा तू तिथंच व्हतास म्हणं. बायकोची भाऊबीज चुकू नये म्हणून तिला विमानानं माहेरी आणलंस. पुण्याहून जतला यष्टी एका दिवसात येते रं!

हे पत्र टाकत न्हाई. टाकलं तर तू साडी धाडशील.

आता आलास तरी पाट मांडणार न्हाई. चंद्र लंडनपरीस लांब हाय, पर भाऊबीजेला माझ्या अंगणात येतो.

तुझी व्हती ती,
बनूआक्का