आत्तींचा डावा डोळा

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. तुम्ही सगळी बरी असाल असं धरून चालते. भाऊजींची कंबर कशी आहे? गुऱ्हाळाची गडबड सरली का? पिराजीमामा उद्या नेसरीला येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देते. फोन घेतला की हे शेजारी येऊन बसतात, मग धड काही बोलता येत नाही.

इकडची बातमी म्हणजे आमच्या आत्ती. दिवाळीआधी सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले हे तुला ठाऊकच आहे. ऑपरेशन झकास झालं. आता गच्चीवरून पंचगंगेच्या घाटावर कोण धुणं धुतंय ते नावानिशी सांगतात. फक्त जवळचं दिसत नाही. तांदळातला खडा, सुईचं भोक, समोरच्याचं तोंड, सगळं धुरकट. जवळचा चष्मा दिलाय, पण तो म्हशीची धार काढताना घसरतो, गॅसपुढं वाफ धरतो आणि एरवी कुठंतरी फडताळावर पडलेला असतो.

आता त्यांनी नवीनच काढलंय. बुबुळावर लेसर मारलं की जवळचं दिसतं म्हणे. परवा मीच दवाखान्यात घेऊन गेले. बुबुळाची जाडी मोजली, डोळे कोरडे आहेत का बघितलं. डॉक्टरीणबाई सरळ होत्या. म्हणाल्या, "आजी, चष्म्यावर भागत असेल तर हे केलंच पाहिजे असं नाही. करायचंच तर डाव्या डोळ्याला करू. जवळचं बरंच दिसेल, पण त्या डोळ्याचं लांबचं थोडं पुसट होईल."

आत्ती म्हणाल्या, "हुंदे की. लांबचं बघून झालं. मला आता घरातलं बघायचंय."

आणि असं म्हणून माझ्याकडं वळल्या. अक्का, घरातलं म्हणजे काय? ह्या वयात ह्या बाईला नेमकं काय बघायचंय? मला वाटतं, माझ्यावर पाळत ठेवायचीय. स्वयंपाकघरात गेले की मागोमाग येतात. न्हाणीत जरा वेळ लागला की दाराशी उभ्या. चष्मा चढवून माझ्याकडं बघायला लागल्या की मी काहीतरी निमित्त काढून उठते. लेसरचं ऐकून हे तर घर डोक्यावर घेऊन ओरडले. ह्या एका बाबतीत मला ह्यांचं पटलं.

संक्रांतीला यायला जमणार नाही. पायरीवरून पाय घसरला, गालाला थोडं लागलंय. विशेष काही नाही. भाऊजींना सांगू नकोस.

तुझी,
वर्षाराणी


शुक्रवार पेठ, कोल्हापूर
९ फेब्रुवारी २०२५

अक्का,

आज खुशाली विचारत बसत नाही, रागावू नकोस.

आत्तींनी कुणाचं ऐकलं नाही, लेसर करूनच घेतलं. काम थोड्या वेळाचं, पण नंतर डोळ्यात थेंब घालायचे ते माझ्याकडं आले. थेंब घालायचे म्हणजे तोंडावर वाकावं लागतं. मी उशाकडून उलटी उभी राहायची, पदर हनुवटीपर्यंत ओढून. आत्ती काही बोलायच्या नाहीत, नुसत्या वर बघत पडून राहायच्या. मला तेच जास्त खुपायचं. ही बाई बोलत नाही म्हणजे मनात काहीतरी धरून आहे.

मंगळवारी थेंब घातला आणि त्यांनी माझं मनगट पकडलं. पदर सुटला. हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. गाल बघितला, कानाखाली बघितलं, मग गळा.

"आमची पायरी लई बोटांची हाय की गं," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, "आत्ती, चुकून..."

"गप. मी चष्मा शोधस्तोवर तू उठून जातीस. म्हणून तर हा खटाटोप केला. दिसत न्हवतं, पर ऐकू येत हुतं मला. सम्राटला इचारलं तर म्हणतोय, ती धांदरट हाय, पडती. म्हटलं, एकदा माझ्या डोळ्यांनी बघू दे."

तर अक्का, लिहायचं राहिलं होतं ते हे. मी पडले नव्हते. आत्ताही नाही आणि गणपतीत पडले म्हणून सांगितलं होतं तेव्हाही नाही.

तरी माझा विश्वास बसेना. आई शेवटी मुलाचीच. मी मनात ठरवूनच टाकलं की ह्या आता ह्यांच्या कानाला लागणार आणि सगळं माझ्यावरच उलटणार. संध्याकाळी हे आले. आत्तींनी त्यांना बाहेरच्या सोप्यात बोलावलं.

"तिच्या गळ्यावर तुझी बोटं हायत."

"आई, डोळ्याचं नुकतंच झालंय तुझ्या. तुला काय दिसतंय?"

"आत्ताच तर दिसाय लागलंय. कापडं भर. घर माझं हाय. परत तिच्या अंगाला हात लावलास तर ठाण्यात मी जाणार, आणि काय बघितलं ते मीच सांगणार."

ह्यांनी तांब्या भिंतीवर आपटला. माझ्याकडं असं बघितलं की मी आत्तींच्या मागं सरकले. पण आत्ती मधून हलल्या नाहीत. हे कागलला मित्राकडं गेलेत. फोन येतो तो आत्ती घेतात.

मी मात्र अजून दारात पाऊल वाजलं की दचकते. आत्तींचंही मला खरं वाटत नव्हतं. आज सकाळी मटणाचा रस्सा ढवळता ढवळता त्या डोळे पुसत होत्या. मला बघून म्हणाल्या, थेंब उतरला. थेंब अजून घातलाच नव्हता. म्हटलं, झालं. लेकाची माया उफाळली.

मग त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "भनीला बोलावून घे. एकट्या माझ्यावर इसंबू नगंस. पोटचा पोरगा हाय. उद्या येऊन पाया पडला आणि माझंच मन फिरलं तर? तवा मला आडवायला कोणतरी पायजे."

अक्का, लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून त्यांच्या कुठल्याच बोलण्यावर माझा एवढा विश्वास बसला नव्हता.

भाऊजींना सगळं सांग. आणि उत्तर लिहीत बसू नकोस. ये.

तुझी,
वर्षा