कुंभारणीच्या घरातली हिरवी माशी

काकू, आज भिंगाखाली एक हिरवी माशी ठेवली आणि तुझी चिंचवडची खोली आठवली. चुलीमागच्या फळीखाली कुंभारणीनं, त्या कंबर बारीक असलेल्या गांधीलमाशीनं, मातीचं घर बांधलं होतं. मी ते झाडूनं पाडायला निघाले, तर तू माझा हात धरलास. "ऱ्हाऊ दी. ती दुसऱ्याची अळी आणती, दार लिंपती आन बाहीर गुणगुणत बसती, माज्यावानी हो, माज्यावानी हो. मग अळीची कुंभारीण व्हती." आई गेल्यावर काकांनी मला चऱ्होलीहून तुझ्याकडे आणलं, त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. ही गोष्ट अळीची नाही, एवढं त्या वयातही मला कळत होतं.

त्याच थंडीत तुझा दोन वर्षांचा पोरगा तापानं गेला. काका देहूरोडच्या डेपोतून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेजारीण माझ्यादेखत म्हणाली, "पांढऱ्या पायाची पोर. आल्या आल्या भावाला खाल्लं." तू रडता रडता म्हणालीस, "तापानं न्हेलं त्याला. माज्या पोरीचं नाव घ्यायचं न्हाई." तरी ते 'खाल्लं' मला चिकटलंच. तूही मनातून तेच म्हणत असशील, अशी भीती मी कितीतरी वर्षं बाळगली. उन्हाळ्यात कुंभारणीचं ते घर फुटलं, तर आतून मोरपंखी रंगाची भलतीच माशी निघाली. "ही जरा नटवी निघाली," म्हणून तू तिचं कौतुक केलंस.

पुढे मी पुण्याला शिकायला गेले आणि या माश्यांच्याच मागे लागले. माश्यांच्या जाती लावते म्हटल्यावर तू हसून डोळे पुसलेस. "माणसांच्या कमी पडल्या व्हय?" मुंगी, मधमाशी, गांधीलमाशी एकाच गणातल्या, पण कुळं वेगळी. त्यांतच एक मोहरीहून बारीक असते, ती दुसऱ्या किड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते. एक लांब सुईनं लाकडाच्या आतल्या अळीपर्यंत पोचते. एकीला फक्त पिकावरचा मावाच लागतो. पंखांवरच्या शिरा बघून आम्ही त्यांची कुळं लावतो. ज्याच्या जिवावर ही पिल्लं वाढतात तो बहुधा मरतोच. आमच्या शास्त्रात त्याला यजमान म्हणतात, थट्टा म्हणायची की काय कोण जाणे.

एका सुट्टीत तुला सांगितलं, ती हिरवी माशी कुंभारणीची नव्हतीच. तिची आई चोरून अंडं घालून गेली होती, आणि तिनं कुंभारणीचं पोर खाल्लं. भाकरी थापता थापता तुझा हात थांबला.

"कुंभारणीला ठावं असतंय का?"

"नाही."

"मग ती फसली. मी न्हाई फसले. मी बघून घेतली तुला." आणि तू भाकरी तव्यावर टाकलीस. मी माशीबद्दल बोलत नव्हते, हे तुला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. त्या दिवशी मला जेवण नेहमीपेक्षा जास्त गेलं.

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. शेवटच्या दुखण्यात तू एकदा तुझ्या गेलेल्या पोराच्या नावानं हाक मारलीस. घरात मी एकटीच होते. मी ओ दिली. डोळे न उघडता तू विचारलंस, "जेवलास का रं?"

मी म्हटलं, "जेवलो."